हुआन दे ला सिएर्वा : हेलिकॉप्टरच्या पात्यांना बिजागरी बसवणारा माणूस

उडत्या हेलिकॉप्टरचा व्हिडिओ मोबाइलवर कधी काढलाय? त्यात पाती वाकडीतिकडी, कधी तर जागच्या जागी थांबलेली दिसतात. तो सगळा कॅमेऱ्याचा खेळ. फोनचा सेन्सर चित्र ओळीओळीने टिपतो आणि पाती त्याच्यापेक्षा चपळ असतात, म्हणून ती वाकडीतिकडी दिसतात. पण एक गोष्ट खरी आहे. कॅमेरा नसतानाही पुढे जाणाऱ्या हेलिकॉप्टरची पाती प्रत्येक फेरीत थोडी वर जातात आणि थोडी खाली येतात. त्यांना तसं करू दिलं नाही, तर हेलिकॉप्टर कलंडेल.

ही वर-खाली होण्याची मोकळीक ज्याने पात्यांना दिली, तो होता स्पेनचा एक इंजिनिअर, हुआन दे ला सिएर्वा. त्याने स्वतः हेलिकॉप्टर बनवलं नाही. त्याने बनवलं ऑटोजायरो. पण आज जगात उडणारं जवळजवळ प्रत्येक हेलिकॉप्टर त्याचं देणं लागतं. आणि छोटी हेलिकॉप्टरं चालवणाऱ्या पायलटना आज जे खास प्रशिक्षण घ्यावं लागतं, ते कशासाठी, हेसुद्धा त्याच्या आयुष्याकडे पाहिलं की नीट कळतं.

भंगारातलं लाल विमान

सिएर्वाचा जन्म २१ सप्टेंबर १८९५ रोजी स्पेनमधल्या मुर्सिया शहरात झाला. घर श्रीमंत, वडील मोठे राजकारणी आणि पुढे मंत्री. पोराला मात्र वेड लागलं विमानांचं. राइट बंधूंनी युरोपात विमान उडवून दाखवलं, तेव्हा हा शाळकरी वयाचा होता.

माद्रिदमध्ये त्याला दोन मित्र भेटले, बार्काला आणि दियाझ. तिघांनी आधी ग्लायडर बनवले. मग १९१२ मध्ये एका मोडक्या फ्रेंच विमानाचे अवशेष आणि इंजिन घेऊन त्यांनी स्वतःचं विमान उभं केलं. तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं जोडून नाव ठेवलं बीसीडी-१. रंग लाल, म्हणून लोक त्याला खेकडा म्हणायचे. त्याच्या पंख्यासाठी एका जुन्या बारच्या काउंटरचं लाकूड वापरलं होतं, असं सांगतात. गंमत म्हणजे हा जुगाड खरंच उडाला! तेव्हा सिएर्वा होता अवघा सोळा-सतरा वर्षांचा.

पुढे त्याने माद्रिदमध्ये सिव्हिल इंजिनिअरिंग केलं. रस्ते, पूल, बंधारे हा अभ्यास, पण डोक्यात विमानच.

एक अपघात, ज्याने सगळं बदललं

पहिलं महायुद्ध संपत आलं, तेव्हा स्पेनच्या सैन्याने नव्या विमानांसाठी स्पर्धा जाहीर केली. सिएर्वाने तीन इंजिनांचं मोठं बॉम्बर विमान बनवलं. पंखांची रुंदी जवळपास २५ मीटर. १९१९ मध्ये चाचणीच्या उड्डाणात पायलटने कमी उंचीवर वळण घेतलं, वेग घटला आणि विमान कोसळलं. पायलट वाचला, विमान संपलं.

इथे विमानाला झाला होता स्टॉल. स्टॉल म्हणजे इंजिन बंद पडणं नव्हे. गाडी स्टॉल होते आणि विमान स्टॉल होतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. विमानाचा पंख हवेला थोडा तिरका धरलेला असतो. वेग कमी झाला की विमान उंचीवर टिकवण्यासाठी पायलट नाक वर करतो, म्हणजे पंख आणखी तिरका करतो. एका मर्यादेपर्यंत हे चालतं. साधारण १५ अंशांच्या पुढे गेलात की पंखाच्या वरच्या बाजूला चिकटून वाहणारी हवा सुटते, भोवरे तयार होतात आणि उचल एकदम घटते. उंची भरपूर असेल तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. जमीन जवळ असेल तर तेवढी सवडच मिळत नाही.

दुसरा एखादा म्हणाला असता, पायलटचं चुकलं. सिएर्वाने वेगळा विचार केला. विमानाचा वेग कमी झाला की पंखाचाही वेग कमी होतो, हेच दुखणं. मग पंख विमानापासून सुटा केला तर? विमान हळू चाललं तरी पंख आपला जोरात फिरत राहिला तर?

भिरभिऱ्याची कल्पना

जत्रेतलं भिरभिरं आठवा. त्याला ना बॅटरी, ना मोटर. वारा लागला की फिरतं. किंवा सह्याद्रीत हळदवेलीचं तीन पंखांचं फळ गरगरत खाली येताना पाहिलं असेल. ते धोंड्यासारखं आपटत नाही, फिरत फिरत सावकाश उतरतं.

सिएर्वाच्या ऑटोजायरोत हेच आहे. पुढे विमानासारखं इंजिन आणि पंखा, तो यंत्राला पुढे ओढतो. डोक्यावर मोठा रोटर, त्याला उड्डाणात इंजिन जोडलेलंच नाही. यंत्र पुढे सरकलं की समोरून-खालून येणाऱ्या हवेने रोटर आपोआप फिरतो आणि उचल देतो. याला म्हणतात ऑटोरोटेशन.

आता याचा फायदा बघा. हवेत इंजिन बंद पडलं तर रोटरला त्याचं काही सोयरसुतक नाही. तो आधीही हवेवर फिरत होता, आताही हवेवरच फिरतो. यंत्र हळूहळू खाली उतरतं.

कागदावर हे झकास होतं. प्रत्यक्षात मात्र सिएर्वाची पहिली तीन यंत्रं एकामागून एक फसली. जमिनीवरून सुटायच्या बेताला आली की एका बाजूला कलंडायची.

बिजागरी : मुख्य शोध

का कलंडायची? एक सोपा हिशेब करू. समजा, पात्याच्या टोकाचा वेग ताशी ४०० किलोमीटर आहे आणि यंत्र ताशी १०० ने पुढे चाललंय. जे पातं पुढे येतंय, त्याला हवा लागते ५०० च्या वेगाने. दुसऱ्या बाजूला जे मागे जातंय, त्याला लागते फक्त ३०० च्या वेगाने. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, म्हणजे २५ ला ९. एका बाजूला दुसरीपेक्षा पावणेतीन पट जोर! यंत्र उलटणारच.

पण सिएर्वाकडे एक छोटं मॉडेल होतं आणि ते छान उडायचं. मोठं उलटतं आणि छोटं उडतं, असं का? विचार करताना त्याच्या लक्षात आलं की मॉडेलची पाती वेताची, लवचिक होती. जास्त जोर आला की ती वर लवत होती. मोठ्या यंत्राची पाती मात्र घट्ट बसवलेली होती.

मग त्याने प्रत्येक पातं मुळाशी बिजागरीवर बसवलं, दाराला असते तशीच. पुढे येणाऱ्या पात्यावर जोर वाढला की ते वर उचललं जातं. वर जाताना त्याचा हवेशी होणारा कोन कमी होतो आणि उचल घटते. मागे जाणारं पातं खाली येतं, त्याचा कोन वाढतो आणि उचल वाढते. दोन्ही बाजू आपोआप जुळतात. वजनाने पाती वर दुमडून जात नाहीत, कारण फिरण्याच्या जोराने ती बाहेर ताणलेली राहतात.

जानेवारी १९२३ मध्ये माद्रिदजवळच्या गेटाफेच्या मैदानावर त्याचं सी-४ हे ऑटोजायरो सरळ, न कलंडता उडालं. पायलट होता गोमेझ स्पेन्सर. त्याच महिन्यात एका उड्डाणात इंजिन बंद पडलं आणि यंत्र अलगद खाली आलं. सिएर्वाला जे सिद्ध करायचं होतं, ते इंजिननेच बंद पडून सिद्ध केलं!

दुसरी बिजागरी, दुसरा धडा

१९२५ मध्ये इंग्लंडमधल्या फार्नबरो इथे प्रात्यक्षिक झालं आणि पुढच्या वर्षी तिथेच सिएर्वा ऑटोजायरो कंपनी निघाली. सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असतानाच १९२७ मध्ये एका उड्डाणात पातं मुळाशी तुटलं. पायलट फ्रँक कोर्टनी जखमी झाला, पण वाचला.

कारण काय? पाती वर-खाली होतात, तेव्हा ती फिरण्याच्या दिशेनेही थोडी पुढे-मागे खेचली जातात. त्यासाठी मोकळीक नव्हती. प्रत्येक फेरीत मुळाशी थोडा ताण यायचा. तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, तसंच झालं. सिएर्वाने आडव्या दिशेची दुसरी बिजागरी बसवली. पुढे कितीतरी हेलिकॉप्टरांनी या दोन्ही बिजागऱ्या उचलल्या.

त्याची कामाची पद्धत इथे दिसते. अपघात झाला की तो गणिताकडे परतायचा, कारण शोधायचा आणि यंत्र बदलायचा.

शोधकर्ता पायलट होतो

इतकी वर्षं यंत्र बनवणारा एक आणि उडवणारा दुसरा होता. १९२७ च्या सुमारास सिएर्वा स्वतः पायलट झाला. १८ सप्टेंबर १९२८ रोजी त्याने एका फ्रेंच पत्रकाराला सोबत घेऊन लंडनजवळच्या क्रॉयडनहून उड्डाण केलं आणि इंग्लिश खाडी ओलांडून पॅरिस गाठलं. फिरत्या पंखांच्या यंत्राने खाडी ओलांडण्याची ती पहिलीच वेळ.

अमेरिकेत हॅरल्ड पिटकेर्न या उद्योजकाने त्याचे हक्क घेतले. १९३१ मध्ये तर एक ऑटोजायरो थेट व्हाइट हाउसच्या हिरवळीवर उतरलं. १९३२ मध्ये सिएर्वाला गुगेनहाइम पदक मिळालं, विमानविद्येतला मोठा मान.

स्वतः उडवू लागल्यावर त्याला एक अडचण जास्त टोचू लागली. ऑटोजायरोला वळवण्यासाठी अजून विमानाचेच छोटे पंख आणि शेपूट वापरत होते. ते वाऱ्याच्या जोरावर चालतात. यंत्र अगदी हळू उतरताना वारा पुरेसा नसतो, म्हणजे नेमकं जमिनीजवळ पायलटचा ताबा सुटतो. सिएर्वाने मग रोटरचा माथाच कलता केला. वरून लोंबणारी दांडी पायलटच्या हातात दिली. ज्या दिशेला रोटर कलवाल, त्या दिशेला यंत्र जाईल. १९३३ चं सी-३० हे ते यंत्र. पुढच्या वर्षी त्याने स्वतः ते देदालो या स्पॅनिश जहाजाच्या डेकवर उतरवलं आणि तिथूनच परत उडवलं.

यंत्र नवं, सवयी जुन्या

आता येतो आजच्या विषयाचा गाभा.

ऑटोजायरो विमानासारखं कोसळत नाही, अशी त्याची ख्याती झाली. मग विमानाच्या पायलटांना वाटलं, हे तर आपल्या डाव्या हाताचा मळ. पण यंत्र दिसायला विमानासारखं असलं, तरी वागायला तसं नव्हतं. अमेलिया इअरहार्ट ही त्या काळातली जगप्रसिद्ध वैमानिक. एप्रिल १९३१ मध्ये तिने ऑटोजायरोतून १८ हजार फुटांवर जाऊन विक्रम केला. दोनच महिन्यांनी टेक्सासमधल्या ॲबिलीनला उड्डाण घेताना तिचंच ऑटोजायरो आदळलं. ती बचावली. म्हणजे मोठं नाव आणि विमानाचा दांडगा अनुभव असूनही नव्या यंत्राशी गाठ पडली की शिकणं चुकत नाही.

सिएर्वाच्या कंपनीने १९३२ मध्ये लंडनजवळ हॅनवर्थला ऑटोजायरोसाठी वेगळी उड्डाणशाळाच काढली. आधी ज्या हातांना विमानाची सवय होती, त्यांना तिथे नव्याने वळण लावलं जायचं. ज्याने यंत्रातून स्टॉल काढून टाकला, त्याच्याच कंपनीला पायलटसाठी शाळा काढावी लागली, हे लक्षात ठेवा.

क्रॉयडनचं धुकं

१९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी पेटली. सिएर्वा राजेशाहीवादी घरातला. जनरल फ्रँकोला कॅनरी बेटांवरून मोरोक्कोत नेणारं विमान लंडनमध्ये भाड्याने ठरवण्यात त्याने मदत केली. ते विमान क्रॉयडनहूनच निघालं होतं. त्या बंडातून भयंकर युद्ध उभं राहिलं आणि पुढे अनेक दशकांची हुकूमशाही आली. त्यामुळे स्पेनमध्ये आजही त्याच्या नावावरून वाद होतात. शोध मोठा म्हणून ही बाजू लपवायचं कारण नाही.

त्याच वर्षी ९ डिसेंबरला सकाळी सिएर्वा क्रॉयडनहून ॲमस्टरडॅमला निघाला, केएलएम कंपनीच्या डीसी-२ या प्रवासी विमानाने. धुकं दाट होतं. अशा वेळी मैदानावर आखलेली पांढरी रेघ धरून विमानं धावायची. हे विमान रेघेपासून भरकटलं, चढाच्या दिशेने गेलं आणि जवळच्या वस्तीतल्या एका घरावर आदळलं. १७ जणांपैकी १५ गेले. त्यात स्वीडनचे माजी पंतप्रधान लिंडमन होते आणि ४१ वर्षांचा सिएर्वा होता.

ज्याने आयुष्य उड्डाण सुरक्षित करण्यात घालवलं, तो एका साध्या प्रवासी विमानात बसून गेला. त्याच्या स्वतःच्या यंत्रांचा त्यात काही संबंध नव्हता.

त्याच्या पेटंटचं आणि अनुभवाचं बोट धरून जर्मनीत फोके आणि अमेरिकेत सिकोर्स्की यांनी काही वर्षांतच खरी हेलिकॉप्टरं उडवली.

हेलिकॉप्टरमध्ये स्टॉल परत आला

इथे एक मोठा बदल झाला. ऑटोजायरोत रोटर कायम हवेवर फिरतो. हेलिकॉप्टरमध्ये त्याला इंजिन फिरवतं. त्यामुळे जागेवर तरंगता येतं, सरळ वर चढता येतं. पण इंजिन बंद पडलं तर? तेव्हा पायलटने डाव्या हाताची दांडी, म्हणजे कलेक्टिव्ह, लगेच खाली करायची. पात्यांचा कोन कमी होतो, खालून येणारी हवा रोटर फिरवू लागते आणि हेलिकॉप्टर ऑटोजायरोसारखं उतरतं. सिएर्वाच्या यंत्रात जे आपोआप व्हायचं, ते आता पायलटच्या हाताने व्हावं लागतं. तेही पाहता पाहता.

किती पटकन, हे रोटरच्या वजनावर ठरतं. जड भोवरा बराच वेळ फिरतो, हलका लगेच डगमगतो. १९७९ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळालेलं रॉबिन्सन आर-२२ हे दोन आसनांचं हेलिकॉप्टर स्वस्त आणि हलकं, कमाल वजन सुमारे ६२० किलो. म्हणून जगभर शिकाऊ पायलट त्यावर शिकू लागले. पण त्याचा रोटरही हलका. इंजिनची ताकद गेली की फेऱ्या फार झपाट्याने घटतात. कलेक्टिव्ह खाली करायला एक-दोन सेकंद उशीर झाला तरी पाती इतकी मंदावतात की त्यांनाच स्टॉल होतो. एकदा तसं झालं की रोटर सावरणं जवळजवळ अशक्य. सिएर्वाने विमानाच्या पंखातून हाकललेला स्टॉल रोटरच्या पात्यात येऊन बसला होता.

दुसरा धोका दोन पात्यांच्या रोटरचा. ही पाती दांड्याच्या टोकावर सी-सॉसारखी डोलतात आणि धड त्यांच्याखाली लटकलेलं असतं. पायलटने दांडी झटक्यात पुढे ढकलली, तर रोलर कोस्टरच्या माथ्यावर पोटात गोळा येतो तसं क्षणभर वजन नाहीसं होतं. मग रोटर कलवला तरी धड त्याच्या मागे येत नाही. शेपटीच्या छोट्या पंख्याच्या जोराने आर-२२ उजवीकडे कलू लागतं. घाबरून दांडी डावीकडे मारली की रोटरचा माथा दांड्यावर आपटतो, दांडा तुटू शकतो. याला मास्ट बंपिंग म्हणतात. योग्य उपाय म्हणजे आधी दांडी हळूच मागे घेऊन रोटरवर वजन परत आणायचं आणि मगच कल सुधारायचा.

आता जुन्या सवयींची गोष्ट आठवा. विमानाच्या पायलटला स्टॉलचा भोंगा ऐकला की नाक खाली ढकलायची सवय असते. विमानात ही सवय जीव वाचवते. आर-२२ मध्ये फेऱ्या कमी झाल्याचा भोंगा वाजला आणि त्याने तेच केलं, तर तीच सवय जीव घेते.

नियम काय सांगतो?

बरेच अपघात झाल्यावर अमेरिकेच्या एफएएने १९९५ मध्ये फक्त आर-२२ आणि त्याचा थोरला भाऊ आर-४४ यांच्यासाठी खास नियम काढला, एसएफएआर ७३. त्यातल्या मुख्य गोष्टी अशा :

१. या हेलिकॉप्टरच्या दांड्यांना हात लावण्याआधी खास माहितीचं प्रशिक्षण हवं : रोटरमधली ऊर्जा, फेऱ्या घटणं, पात्यांचा स्टॉल, वजन हरपणं आणि मास्ट बंपिंग.

२. शिकाऊ पायलटला आर-२२ एकट्याने उडवण्याआधी प्रशिक्षकासोबत त्याच हेलिकॉप्टरमध्ये किमान २० तास.

३. हेलिकॉप्टरचे एकूण २०० तास आणि त्यातले ५० आर-२२ मध्ये झाले नसतील, तर त्यात मुख्य पायलट होण्याआधी प्रशिक्षकासोबत किमान १० तास आणि त्याची लॉगबुकात सही.

४. ऑटोरोटेशनचा जादा सराव, आणि ठरावीक काळाने होणारी उजळणीही त्याच मॉडेलमध्ये.

विमानाचे हजारो तास गाठीशी असले तरी यातून सूट नाही. उलट तेच हात जास्त सवयीचे गुलाम असतात.

मग सुरक्षित काय असतं?

आपण फोन घेतो, गाडी घेतो, तेव्हा सेफ्टी फीचर्सची यादी बघतो. सिएर्वाने इतिहासातलं एक जबरदस्त सेफ्टी फीचर दिलं. तरीही प्रत्येक नव्या सोयीबरोबर एक नवीन चूक करायची जागा तयार होते, आणि ती जागा यंत्र आपल्याला आपणहून सांगत नाही. ती कुणीतरी शिकवावी लागते, हातात बसेपर्यंत घोटून घ्यावी लागते.

सिएर्वा गेला त्याला ९० वर्षं होत आली. त्याच्या बिजागऱ्यांचे वारसदार आजही हेलिकॉप्टरच्या माथ्यावर डोलतायत. पुढच्या वेळी डोक्यावरून हेलिकॉप्टर गेलं तर व्हिडिओ जरूर काढा. पण आत बसलेल्या पायलटचा डावा हात कुठे असेल, याचाही एकदा विचार करा. इंजिन थांबलं तर पुढच्या एक-दोन सेकंदांत सगळं त्या हातावर आहे.